संथ चित्रपट आणि आपला उतावळा डोळा

‘अहो, त्या चित्रपटांत घडतच कांहीं नाहीं!’ संथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांविषयीं ही तक्रार आमच्या कानांवर इतक्या वेळां आली आहे कीं, या महिन्याचें आमचें पान तिच्यासाठींच राखून ठेवावें असें आम्हीं ठरविलें. तक्रार करणारी मंडळी अरसिक असतात असा मात्र कोणी ग्रह करून घेऊं नये. त्यांत पहांटेपर्यंत चालणाऱ्या गाण्याच्या बैठकींत मांडी न मोडतां बसणारे गृहस्थ असतात, चातुर्मासांत तीन तीन तास कीर्तन-पुराण ऐकणाऱ्या आजीबाई असतात, आठशें पानांची कादंबरी दोन दिवसांत हातावेगळी करणाऱ्या लेकी-सुना असतात. अशा माणसांनाही पडद्यावर चार मिनिटें न हलणारें एक चित्र असह्य व्हावें, हें नवल आहे. आणि त्या चित्रपटांची वकिली करण्यापेक्षां या नवलाचा शोध घेणें आम्हांला अधिक अगत्याचें वाटतें.

आधीं ‘संथ’ या शब्दाचा घोळ मिटवूं. नेहमींच्या चित्रपटांत एक शॉट फार तर कांहीं सेकंद टिकतो. नायक खुर्चीवरून उठला कीं पुढच्याच क्षणीं तो रस्त्यावर दिसतो. मधला जिना, चपला शोधणें, दाराची कडी, हें सारें संकलकाच्या कात्रीनें कापून टाकलेलें असतें. दीर्घ शॉट घेणारा दिग्दर्शक तो जिना कापीत नाहीं, इतकाच काय तो फरक. पडद्यावरचा मनुष्य मुद्दाम सावकाश चालत नसतो. तुम्ही-आम्ही चालतों त्याच वेगानें तो चालतो. (यंत्राच्या करामतीनें हालचाल मंद करून दाखवितात तो प्रकार निराळा, आणि तो तर मारामारीच्या चित्रपटांत हवा तितका असतो, त्याला कोणी कंटाळल्याचें ऐकिवांत नाहीं.) म्हणजे ज्याला आपण संथ म्हणतों तो वस्तुतः आपल्याच आयुष्याचा वेग आहे. चित्रपटांनीं गेल्या शंभर वर्षांत आपल्या डोळ्यांना जी घाई शिकविली, तिच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे तो संथ भासतो.

ही घाई कांहीं अंशीं यंत्रानेंही लादलेली होती. ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म मिनिटाला ९० फूट या हिशेबानें कॅमेऱ्यांतून पळते. १००० फुटांचें रीळ सुमारें ११ मिनिटांत संपतें. आल्फ्रेड हिचकॉकनें १९४८ सालीं ‘रोप’ हा चित्रपट दीर्घ शॉटांत घेतला तेव्हां त्याला रिळाच्या या मर्यादेंतच बसावें लागलें. डिजिटल कॅमेरा आला आणि ती भिंत पडली. अलेक्सांद्र सोकुरोव या रशियन दिग्दर्शकानें २००१ सालच्या डिसेंबरांत सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत एकही कट न घेतां सुमारें दीड तासाचा ‘रशियन आर्क’ चित्रित केला. पहिले तीन प्रयत्न फसले, चौथा साधला. पराक्रम खरा. परंतु अशा चित्रपटांत आपण कॅमेऱ्याची कसरत पाहून थक्क होतों. वास्तववादी दीर्घ शॉटांत कॅमेरा आहे हेंच आपण विसरावें अशी अपेक्षा असते, आणि खरी पंचाईत तेथेंच सुरू होते. कारण थक्क होण्यासारखें कांहीं उरतच नाहीं.

इटलींत दुसऱ्या महायुद्धानंतर वास्तववादी चित्रपटांची जी लाट आली, तींत व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘उंबेर्तो डी.’ हा १९५२ सालचा चित्रपट मोडतो. निवृत्तिवेतनावर दिवस कंठणारा एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा, एवढीच कथा. परंतु आंद्रे बाझां या फ्रेंच टीकाकारानें त्यांतील ज्या एका दृश्याला मोठें महत्त्व दिलें, तें म्हाताऱ्याचें नव्हेच. तें घरमालकिणीच्या मोलकरणीचें आहे. सकाळीं ती स्वयंपाकघरांत येते, काडी ओढते, ती पेटत नाहीं, पुन्हा ओढते. भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी टाकते. बसून कॉफी दळूं लागते आणि बसल्या जागेवरून पाय लांबवून दार लोटते. ती अविवाहित असून तिला दिवस गेले आहेत, हें आपल्याला ठाऊक असतें. या दृश्यांत कट आहेत, तो एकच शॉट नव्हे. परंतु वेळ मात्र कापलेला नाहीं. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानें तिच्या तोंडीं एक करुण स्वगत घातलें असतें आणि काम उरकलें असतें. दे सिका तिला कॉफी दळूं देतात. हा चित्रपट इटलींत चालला नाहीं, तो नाहींच. शिवाय त्या वेळीं सरकारांत अधिकारपदावर असलेले आणि पुढें पंतप्रधान झालेले जूल्यो आंद्रेओत्ती यांनीं, अशा चित्रपटांनीं देशाची अब्रू वेशीवर टांगली जाते, अशा आशयाचा जाहीर ठपका दे सिकांवर ठेवला. घरचें मळकें धुणें चारचौघांत धुऊं नये, ही शिकवण केवळ आपल्याच वाड्यांतून दिली जाते असें नव्हे!

परंतु स्वयंपाकघराच्या या वास्तवाचा खरा कस लागला तो १९७५ सालीं, बेल्जियमच्या शांताल आकरमान या दिग्दर्शिकेच्या हातून. बाईंनीं तेव्हां पंचविशीही पुरी केली नव्हती. चित्रपटाचें नांव म्हणजे एका स्त्रीचें नांव आणि तिचा पोस्टाचा पत्ता: ‘झान दिएलमान, २३ के द्यु कोमेर्स, १०८० ब्रुसेल्स’. लांबी २०१ मिनिटें. एका विधवेच्या तीन दिवसांची ही हकीकत. ती मुलासाठीं स्वयंपाक करते, त्याच्या बुटांना पॉलिश करते, अंथरुणें आवरते, बाजारहाट करते, एका खोलींतून निघतांना दिवा मालवते आणि दुसऱ्या खोलींत शिरतांना लावते. उपजीविकेसाठीं रोज दुपारीं एक परका पुरुष तिच्याकडे येतो. दार लागतें, दार उघडतें, पैसे टेबलावरच्या झांकणाच्या भांड्यांत पडतात, आणि ती पुन्हा आपल्या बटाट्यांकडे वळते. कॅमेरा समोर उभा आहे तो उभाच. तो मान वळवीत नाहीं, तिच्या चेहऱ्याजवळ जात नाहीं. पार्श्वसंगीत नाहीं, नळाचे, भांड्यांचे आणि पावलांचे आवाज तेवढे आहेत. बाबेत मांगोल्त यांनीं हें चित्रण केलें. आणि झानची भूमिका देल्फीन सेरिग या नामांकित नटीनें केली. जिच्या सौंदर्याचा आणि पोशाखांचा यापूर्वीं बोलबाला, ती येथें ओट्याशीं पाठमोरी उभी राहून भांडीं घांसते.

पहिला दिवस पाहणें कष्टाचें आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं एक क्षुल्लक गोष्ट बिघडते: बटाटे फार शिजतात. तें पातेलें हातांत घेऊन झान या खोलींतून त्या खोलींत जाते, परत येते. तें कोठें ठेवावें, काय करावें, तिला सुचत नाहीं. बाहेरच्याला यांत कांहींच दिसणार नाहीं. ज्यानें पहिल्या दिवशींचे बटाटे नीट पाहिले असतील, त्याच्या काळजांत मात्र येथें धस्स होतें. मग एक बटण लावावयाचें राहतें, पैशांच्या भांड्यावरचें झांकण उघडें राहतें, बुटाचा ब्रश हातांतून निसटतो. तिसऱ्या दिवशीं कॉफी बिघडते. ती ओतून टाकून पुन्हा करते. आणि नंतर हातांत कांहीं काम नाहीं म्हणून ती खुर्चीवर नुसती बसून राहते. त्या बसण्याइतकें भयंकर दृश्य आम्हीं खून-दरोड्यांच्या चित्रपटांत पाहिलेलें नाहीं. शेवटीं काय होतें तें आम्ही येथें सांगत नाहीं.

आमच्या वाचक भगिनींना पातेल्याचा हा प्रसंग समजावून देण्याची आवश्यकता नाहीं. दूध उतूं गेलें, आमटी करपली, तर घरांतील इतरांच्या दृष्टीनें तें केवळ दूध आणि केवळ आमटी असते. जिच्या दिवसाचा सारा डोलारा त्या वेळेवर उभा असतो, तिच्या दृष्टीनें कांहीं तरी निराळेंच सांडलेलें असतें. तें निराळें काय, हें संवादांत घालून सांगतां येत नाहीं. सांगितलें तर रडगाणें होतें. तेवढाच वेळ, तेवढ्याच लांबीचा, प्रेक्षकाला बसवून दाखविला तरच तें कळतें. कान येथील महोत्सवांत हा चित्रपट प्रथम दाखविला गेला तेव्हां पुष्कळ प्रेक्षक मध्येंच उठून गेले. इंग्लंडांतील ‘साइट अँड साउंड’ हें मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनीं टीकाकारांचा कौल घेत आलें आहे. २०२२ सालीं सोळाशेंहून अधिक टीकाकारांच्या कौलानें याच चित्रपटाला पहिला क्रमांक मिळाला. स्त्रीनें केलेल्या चित्रपटाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. क्रमांकांवर आमचा फारसा भरंवसा नाहीं. पण उठून जाणाऱ्यांपासून या कौलापर्यंत ४७ वर्षें जावीं लागलीं, एवढें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आकरमान बाई हा कौल पाहावयास नव्हत्या. त्या २०१५ सालींच वारल्या.

असे चित्रपट थोडे कां होतात, याचें उत्तर पुष्कळसें धंद्यांत आहे. एक कॅमेरा आणि एक खोली, म्हणजे खर्च कमी, अशी समजूत असते. ती फसवी आहे. कट हा केवळ घाईचा नव्हे, डागडुजीचाही उपाय आहे. नट अडखळला तर ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवून वेळ मारून नेतां येते. दोन प्रयत्नांतले बरे तुकडे जोडून एक चांगला प्रसंग करतां येतो. दीर्घ शॉटांत शेवटच्या दहा सेकंदांत मागच्या बाकावरचा कोणी कॅमेऱ्याकडे पाहून हंसला कीं आधींचीं साडेतीन मिनिटें मातींत गेलीं. म्हणून तालमी वाढतात, दिवस वाढतात, आणि मोठ्या कंपनीचें पाठबळ नसलेल्या निर्मात्यापाशीं नसतात ते नेमके दिवसच. पुढें चित्रगृहाचा प्रश्न. २०१ मिनिटांचा चित्रपट दोन खेळांची जागा अडवितो. आपल्याकडे त्यांत मध्यंतराची भर: महत्प्रयासानें प्रेक्षकाचा डोळा स्थिरावला कीं दिवे लागतात आणि बटाटेवडे येतात. मणी कौल यांनीं १९६९ सालीं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या पैशानें ‘उसकी रोटी’ केला. मोहन राकेश यांच्या कथेंतली बायको बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन थांब्यावर ताटकळते, आणि चित्रपट तिच्याबरोबर ताटकळतो. त्यावर त्या काळीं कडक टीका झाली आणि चित्रगृहांतून तो फारसा पोहोचलाच नाहीं.

आतां चित्रपट घरीं येतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत पटकथेचें पारितोषिक मिळालें, आणि पुढच्या वर्षीं तो नेटफ्लिक्सच्या द्वारें आपल्या दिवाणखान्यांत आला. सोय मोठी झाली. परंतु दिवाणखान्यांत दहा सेकंद पुढें नेणारी कळ हाताशीं असते, तिघांचे फोन वाजत असतात, धाकट्यांना दुसरें कांहीं पाहावयाचें असतें. आणि ज्या बाईचें काम पडद्यावर चाललेलें असतें, नेमका तिलाच तो चित्रपट सलग पाहतां येत नाहीं; कुकरची शिटी झाली कीं ती उठते. तीन तास एकवीस मिनिटें घरच्या बाईला कोणी हांक मारणार नाहीं, असें एकत्र कुटुंब आम्हीं तरी अद्याप पाहिलेलें नाहीं.

आतां आरंभींच्या नवलाकडे वळूं. विलंबित ख्यालांत गवई एकेका सुरावर रेंगाळतो तरी श्रोता कंटाळत नाहीं, कारण ठेका चालू असतो आणि सम येणार हें त्याला ठाऊक असतें. कीर्तनांतील पूर्वरंगाचें निरूपण कितीही रुक्ष असो, उत्तररंगांत आख्यान आहे या भरंवशावर आजी बसून असतात. त्यांच्या थांबण्याला ठिकाण असतें. दीर्घ शॉटांत तें ठिकाण कोणी सांगत नाहीं. पडद्यावर ओटा आहे, खिडकी आहे, बाई आहे, पातेलें आहे. यांतील काय पाहावें हें दिग्दर्शक कट घेऊन दाखवीत नाहीं, तें आपल्यावर सोपवितो. सवय नसलेला डोळा क्षणभर सारें पाहून घेतो, ‘पाहिलें’ म्हणतो आणि पुढच्याची मागणी करतो. हा सहनशीलतेचा दोष नव्हे. शिक्षणाचा अभाव आहे. ‘झान दिएलमान’ची थोरवी आम्हांला यांत वाटते कीं, तो चित्रपट हें शिक्षण स्वतःच देतो. पहिला दिवस हा त्याचा ठेका आहे; दुसऱ्या दिवशीं मात्रा चुकते तेव्हां आपल्याला ती ऐकूं येते.

सारेच संथ चित्रपट एवढे कष्ट घेत नाहींत, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. धुक्यांतला रस्ता, एका म्हाताऱ्याची पाठ आणि पांच मिनिटें स्तब्धता, एवढ्या भांडवलावर महोत्सवांत मिरविणारे चित्रपट थोडे नाहींत. ठेका न धरतां नुसतेंच रेंगाळणारा गवई जसा आपण बैठकींतून उठवूं, तसेंच यांना उठवावें.

आपल्याकडचें उदाहरण हवें तर ताम्हाणे यांचाच २०१४ सालचा ‘कोर्ट’ घ्यावा. व्हेनिसला त्याला दोन पारितोषिकें मिळालीं आणि २०१५ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकही. निर्माते विवेक गोंबर यांनींच त्यांत बचावाच्या वकिलाचें काम केलें आहे. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर (हें काम वीरा साथीदार यांनीं केलें) आरोप असा कीं, त्याचें एक गाणें ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगारानें आत्महत्या केली. मुंबईच्या सत्र न्यायालयांत खटला चालतो, म्हणजे तारखा पडतात. कॅमेरा दूर उभा राहून सारी खोली दाखवितो: न्यायाधीश, कारकून, पंखे, आपल्या प्रकरणाची वाट पाहणारीं माणसें. मृताची विधवा साक्षीला उभी राहते. आंत उतरण्यापूर्वीं तो दगड टाकी; झुरळें बाहेर आलीं तर आंत जीव जगतो असें समजून उतरे; विषारी वायूनें त्याचा एक डोळा गेलेला होता. ती हें इतक्या सपाट आवाजांत सांगते आणि कॅमेरा इतका निश्चल राहतो कीं, कोठें रडावें हें आपल्याला कोणी सांगत नाहीं.

सरकारी वकील नूतन हिची भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनीं केली आहे. न्यायालयांत ती जुन्यापुराण्या कायद्यांचीं कलमें एका सुरांत वाचते. सायंकाळीं लोकल गाडींत बसून सहप्रवासिनीशीं साडीबद्दल आणि नवऱ्याच्या पथ्याबद्दल बोलते, वाटेंत मुलाला घेते, घरीं पोहोंचतांच स्वयंपाकाला लागते. बाकीची मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसलेलीं असतात. येथें कांहींच ‘घडत’ नाहीं. ती आपल्या ओळखीची, मेहनती, सुशील गृहिणी आहे, आणि चित्रपट तिला खलनायिका करीत नाहीं. याच नूतनबाई सहकाऱ्यांशीं बोलतांना म्हणून जातात कीं, तींच तींच तोंडें पाहून कंटाळा आला. न्यायाधीशांनीं त्याला वीस वर्षें आंत टाकावें आणि प्रकरण मिटवावें. त्यांच्या बोलण्यांत क्रौर्य नाहीं, कंटाळा आहे. आणि प्रेक्षक म्हणून आपणही तासाभरापासून मनांत तेंच म्हणत असतों: उरका एकदांचें!

शेवटाकडे उन्हाळ्याची सुटी लागते. न्यायालयाची खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. चित्रपट संपला असें वाटून खुर्चींतून उठण्याचा मोह होतो. उठूं नये. अंधारानंतर न्यायाधीश आपल्या आप्तेष्टांबरोबर सहलीला गेलेले दिसतात. दुपारीं ते बागेंतल्या बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेत आहेत. मुलें हळूच जवळ येतात आणि एकदम ओरडतात. न्यायाधीश दचकून जागे होतात, हाताशीं सांपडलेल्या एका पोराला थप्पड देतात. पोर रडत जातें, बाकीचीं पांगतात, आणि ते पुन्हा डोळे मिटतात.